पाट्या अनेक, लगाम एक

गळ्यात निळी फीत, फितीला ओळखपत्र, ओळखपत्रावर समूहाचे बोधचिन्ह. तेच चिन्ह शर्टाच्या खिशावर शिवलेले, कामगारांना नेणाऱ्या बसवर रंगवलेले आणि कारखान्याच्या फाटकावर पुरुषभर उंचीचे. चाकणच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर अकरा वर्षे उभा राहिलेला एक कामगार मागे भेटायला आला होता. त्याने टेबलावर तीन नेमणूकपत्रे मांडली. पहिले जून २०१२ चे, दुसरे सप्टेंबर २०१६ चे, तिसरे जानेवारी २०२१ चे. तिन्हींवर तीन वेगळ्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांची नावे. मशीन मात्र तेच, सुपरवायझर तोच, हजेरीचे यंत्र तेच. आदल्या दिवशी शिफ्ट सुटताना राजीनाम्यावर सही घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हातात नवे पत्र द्यायचे, एवढाच काय तो फरक. मे २०२३ मध्ये काम सुटले. ग्रॅच्युइटी मागायला गेला तेव्हा त्याला सांगण्यात आले, की तुझी पाच वर्षांची सलग सेवा कुठल्याच कंपनीत भरत नाही. सव्वाचार वर्षे एकीकडे, सव्वाचार दुसरीकडे, अडीच तिसरीकडे.

त्याच्या पगारपत्रकाच्या पाठीवरच मी हिशेब मांडला. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,००० रुपये. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याप्रमाणे वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. अकरा वर्षांचे होतात १,१४,२३० रुपये. तीन पाट्यांमध्ये वाटल्यावर होतात शून्य. कारखान्याचे नाव लिहीत नाही, कारण ही रीत त्या एकाच फाटकामागची नाही.

आपला मालक कोण, याबद्दल त्या कामगाराच्या मनात कसलाच संभ्रम नव्हता. तो समूहाचेच नाव घेत होता. गावातले लोकही ‘तो अमक्यांच्या कंपनीत आहे’ असेच म्हणतात. बँकेने त्याला घरासाठी कर्ज दिले ते समूहाचे नाव पाहून. अडला फक्त कायदा. कायद्याच्या पुस्तकात ‘समूह’ नावाची व्यक्ती नाही. कंपनी ही व्यक्ती आहे. तिला नाव आहे, पत्ता आहे, मालमत्ता आहे, तिच्यावर दावा लावता येतो. पण वीस-पंचवीस कंपन्या एका घराण्याच्या किंवा एका मूळ कंपनीच्या मुठीत असल्या, एकाच मजल्यावरून हलत असल्या, तरी त्या सगळ्यांची मिळून एक व्यक्ती होत नाही.

ही शिकवण एकशे तीस वर्षांपूर्वीची आहे. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात आरन सालोमन नावाचा बूट बनवणारा होता. १८९२ मध्ये त्याने आपला धंदा स्वतःच काढलेल्या कंपनीला विकला. कायद्याला सात सभासद लागत, म्हणून बायको आणि पाच मुलांच्या नावे एकेक शेअर केला. २०,००७ शेअरपैकी २०,००१ त्याच्याकडे. शिवाय कंपनीने त्याला १०,००० पौंडांचे तारणी कर्जरोखे दिले. धंदा बुडाला, आणि देणेकऱ्यांत सालोमनचा नंबर पहिला लागला. बाकीच्यांच्या वाट्याला काही उरले नाही. खालच्या न्यायालयांनी त्याला दोषी धरले, पण नोव्हेंबर १८९६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने एकमताने सांगितले, की कंपनी कायद्याप्रमाणे स्थापन झाली असेल तर ती वेगळी व्यक्ती, सालोमन वेगळा. हा निकाल मला आजही योग्य वाटतो. धंद्यात बुडालेल्या माणसाच्या घरातली भांडीकुंडी लिलावात जाऊ नयेत, एवढे संरक्षण समाजाने द्यायलाच हवे. त्याशिवाय नवा धंदा काढायला कोण धजावेल?

पण त्या खटल्यात पडदा होता तो माणूस आणि कंपनी यांच्यामध्ये. एका कंपनीने दुसरीचे शेअर घ्यावेत, दुसरीने तिसरीचे, हा प्रकार तेव्हा नुकता कुठे सुरू होत होता. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने त्याला मोकळीक दिली ती १८८०च्या दशकाच्या अखेरीस. पुढे या मोकळिकीतून आजचे समूह वाढले आणि बूट बनवणाऱ्यासाठी केलेला नियम कंपनी आणि कंपनी यांच्यामध्ये जसाच्या तसा लावला गेला. मूळ कंपनीच्या भागधारकाला एक संरक्षण आधीच होते. आता मूळ कंपनीलाही उपकंपनीपासून संरक्षण मिळाले, उपकंपनीला तिच्या खालच्या उपकंपनीपासून. एका भिंतीची गरज होती तिथे सात भिंती उभ्या राहिल्या. त्या प्रत्येक भिंतीचे समर्थन सालोमनच्या नावाने होते, हे मात्र पटत नाही.

आपल्याकडचे कायदे या प्रश्नावर एका भाषेत बोलत नाहीत. २०१३ चा कंपनी कायदा म्हणतो, निम्म्याहून अधिक मतदानहक्क किंवा संचालक मंडळावर ताबा असेल तर ती उपकंपनी. २० टक्के असतील तर सहयोगी कंपनी. स्पर्धा कायद्याने समूहासाठी २६ टक्क्यांची रेघ आखली. त्याच कंपनी कायद्याचे कलम १२९ मूळ कंपनीला सगळ्या उपकंपन्यांचा एकत्रित ताळेबंद काढायला लावते, कारण गुंतवणूकदाराला सगळ्या घराचे चित्र एका नजरेत दिसले पाहिजे. म्हणजे कायद्याला समूह दिसत नाही असे नाही. गुंतवणूकदाराने बघायला सांगितले की दिसतो. स्पर्धा आयोगाने सांगितले की दिसतो. कोणासाठी पाहायचे आणि कोणासाठी डोळे मिटायचे, हाच खरा मुद्दा आहे, आणि तो सोडवताना आपल्या न्यायालयांची पावले कधी इकडे तर कधी तिकडे पडली आहेत.

भावनगरच्या असोसिएटेड रबर इंडस्ट्री या कारखान्याचे प्रकरण या बाबतीत वाचण्यासारखे आहे. या कंपनीकडे इनार्को नावाच्या दुसऱ्या कंपनीचे शेअर होते. त्यावर लाभांश यायचा, तो नफ्यात धरला जायचा आणि त्या नफ्यावर कामगारांचा बोनस ठरायचा. १९६८ मध्ये कंपनीने आपल्या पूर्ण मालकीची एक उपकंपनी काढली आणि ते शेअर तिच्या नावे करून टाकले. या नव्या कंपनीचा दुसरा काही धंदा नव्हता, दुसरी मालमत्ता नव्हती. लाभांश आता तिच्याकडे जाऊ लागला. भावनगरच्या कामगाराचा बोनस १६ टक्के होता, तो १९६९ मध्ये ४ टक्क्यांवर आला. त्या काळी कायद्याने ठरवलेला किमान बोनस तेवढाच होता. कारखान्यात काही बदलले नव्हते. तितकेच रबर, तितकाच घाम. बदलला होता तो फक्त एका कागदावरचा पैसे घेणाऱ्याचा पत्ता.

सर्वोच्च न्यायालयात हे प्रकरण १९८५ मध्ये निकाली निघाले. न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी ती उपकंपनी बाजूला सारली आणि लाभांश मूळ कंपनीचाच धरून बोनस काढायला सांगितला. कर चुकवण्यासाठी किंवा कामगार कल्याणाचा कायदा टाळण्यासाठी जिथे अशी हुशारी लढवली जाते, तिथे धुराच्या पडद्याआड शिरून खरी परिस्थिती शोधणे हे न्यायालयाचे कर्तव्यच आहे, असे त्यांचे म्हणणे होते. कर आणि कामगार, दोन्हींची नावे त्यांनी एका दमात घेतली, याला महत्त्व आहे.

पुढच्या तीस वर्षांत मात्र ही दृष्टी टिकली नाही. १९८८ च्या रेणुसागर प्रकरणात मूळ कंपनी हिंदाल्कोनेच न्यायालयाला सांगितले, की रेणुसागर वीज कंपनी कागदावर वेगळी असली तरी ती आमचीच आहे, तिची वीज ही आमची स्वतःची वीज धरा, म्हणजे विजेवरचे शुल्क त्या हिशेबाने लागेल. या मुद्द्यावर न्यायालयाने पडदा दूर सारला आणि दोन्ही कंपन्या एकच मानल्या. मालकाने स्वतः विनंती केली की भिंत पाडता येते, हे तिथे दिसले.

आता २०१४ चे बलवंतराय सलुजा प्रकरण पाहा. दिल्ली विमानतळावर एअर इंडियाच्या कर्मचाऱ्यांसाठी उपाहारगृह होते. तेव्हाच्या कारखाने कायद्याच्या कलम ४६ प्रमाणे अडीचशेहून अधिक कामगार असले की उपाहारगृह चालवणे हे मालकाचे बंधन होते. ते चालवत होते शेफेअर, आणि शेफेअर म्हणजे हॉटेल कॉर्पोरेशन ऑफ इंडियाची एक शाखा. या कॉर्पोरेशनचे शंभर टक्के शेअर एअर इंडियाकडे. म्हणजे बंधन एअर इंडियाचे, जागा एअर इंडियाची, जेवणारे एअर इंडियाचे, आणि भांडी घासणाऱ्याचा मालकही शेवटी एअर इंडियाच्याच मालकीचा. आम्हाला एअर इंडियाचे कामगार माना, असे तिथले नैमित्तिक कामगार म्हणत होते. दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. मग तिघांच्या पीठाने निकाल दिला, की हॉटेल कॉर्पोरेशन ही वेगळी कंपनी आहे, ती निव्वळ देखावा असल्याचे सिद्ध झालेले नाही, म्हणून पडदा दूर करता येणार नाही.

न्यायालयाने लावलेली कसोटी कंपनी कायद्याच्या दृष्टीने चूक नव्हती. उपकंपनी फसवणुकीसाठी काढली होती का, हे तपासले तर उत्तर ‘नाही’ असेच येणार. तेव्हाच्या सरकारी विमान कंपनीने हॉटेल चालवण्यासाठी वेगळी कंपनी काढणे यात फसवणूक कसली? पण कामगाराच्या बाजूने पाहिले तर फसवणुकीचा प्रश्नच गैरलागू आहे. प्रश्न असा हवा होता, की या माणसाच्या कामाचे दर, त्याची नेमणूक, त्याची सुटी आणि त्याचे भवितव्य कुणाच्या शब्दावर ठरते? भावनगरच्या कामगाराला न्याय मिळाला, कारण तिथला मालक लबाडी करताना पकडला गेला. दिल्लीचा कामगार रिकाम्या हाताने परतला, कारण त्याचा मालक लबाड नव्हता. हक्क कामगाराचा असताना निकाल मालकाच्या हेतूवर लटकत राहावा, हे मला अन्यायाचे वाटते.

करांच्या बाबतीत व्होडाफोनचे प्रकरण सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. हचिसन एस्सार ही मोबाइल कंपनी मुंबईची. २००७ मध्ये तिचा ताबा सुमारे ११ अब्ज डॉलरना व्होडाफोनकडे गेला. पण भारतातला एकही शेअर विकला गेला नाही. विकला गेला तो केमन बेटांवरच्या सीजीपी नावाच्या कंपनीचा एकुलता एक शेअर. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१० मध्ये कर खात्याचे म्हणणे उचलून धरले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ते फिरवले. मूळ कंपनी उपकंपनीवर वजन टाकते म्हणून उपकंपनी बाहुले ठरत नाही, असा त्या निकालाचा सूर होता. मग सरकारने पूर्वलक्षी कायदा केला, जगभर नाव खराब करून घेतले आणि २०२१ मध्ये तो मागे घेतला. एवढ्या खटाटोपातून एकच गोष्ट वर आली. देशातला कोट्यवधी ग्राहकांचा धंदा समुद्रापलीकडच्या एका कागदाने हलवता येतो, आणि आपला कायदा त्या कागदाला जागेवरच मान देतो.

दिवाळखोरीत मात्र वेगळेच घडले. छत्रपती संभाजीनगरजवळच्या चितेगावचा व्हिडिओकॉनचा कारखाना मराठवाड्यातल्या कितीतरी घरांनी पाहिला आहे. हा समूह कर्जात बुडाला तेव्हा एकामागून एक पंधरा कंपन्यांवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. कायद्याप्रमाणे पंधरा वेगळे खटले, पंधरा वेगळे हिशेब. पण कर्जे एकमेकांत इतकी गुंतलेली, की एकीच्या कर्जाला दुसरी बांधील, दुसरीच्या मालावर तिसरीचा बोजा. स्टेट बँकेने सगळे एकत्र चालवण्याची मागणी केली. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने ऑगस्ट २०१९ मध्ये तेरा कंपन्या एका मोटेत बांधल्या. एकच ताबा, सामाईक संचालक, सामाईक मालमत्ता, परस्परांवर अवलंबून असलेला धंदा, गुंतलेले पैसे अशा कसोट्या लावल्या. केल आणि ट्रेंड इलेक्ट्रॉनिक्स या दोन कंपन्या स्वतःच्या पायांवर उभ्या राहू शकतात, म्हणून त्यांना बाहेर ठेवले. दिवाळखोरी संहितेत त्या वेळी ‘समूह’ हा शब्द शोधून सापडला नसता. तरीही न्यायाधिकरणाने वाट काढली, कारण तेरा तुकड्यांना कुणी विचारले नसते. पुढे बोली आली ती २,९६२ कोटींची, देणी ६४,००० कोटींच्या वर. त्या आकड्यांची कहाणी वेगळी आहे, तिच्यात शिरत नाही. पण ज्या कसोट्या त्या आदेशात लावल्या आहेत, त्या एकेक करून चाकणच्या त्या तीन नेमणूकपत्रांना लावून पाहाव्यात असे मला राहून राहून वाटते. ताबा एक. संचालक सामाईक. यंत्र, जागा, बस, फाटक सामाईक. चौथी कसोटी लावायची गरज कुणाला भासेल?

लवादाच्या क्षेत्रात तर समूहाला रीतसर ओळख मिळाली आहे. करारावर समूहातल्या एका कंपनीची सही, आणि प्रत्यक्ष वाटाघाटी व काम मात्र दुसरीने केले, तर सही नसलेल्या दुसरीलाही लवादापुढे ओढता येते का? २०१२ मध्ये क्लोरो कंट्रोल्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘हो’ म्हटले. ६ डिसेंबर २०२३ रोजी कॉक्स अँड किंग्ज विरुद्ध सॅप या संगणक प्रणालीवरून झालेल्या वादाच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते पक्के केले. घटनापीठाचे नेतृत्व तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्याकडे होते. व्होडाफोनचा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल देणाऱ्या पीठावरही तेच होते, ही जाता जाता लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट. घटनापीठाने कंपन्यांचे वेगळेपण पुसले नाही. एका समूहात असणे एवढेच कारण पुरेसे नाही, असे स्पष्ट सांगितले. करार होताना, पाळला जाताना आणि मोडताना त्या कंपनीचे वर्तन कसे होते, त्यावरून ती बांधली जायला राजी होती का हे ठरवायचे. सहीपेक्षा वागणुकीला मोल दिले, आणि ते रास्तच आहे.

आता हे सगळे शेजारी शेजारी ठेवून पाहा. बँकेला समूह एक हवा असतो, तेव्हा एक होतो. संगणकाच्या प्रणालीवरून भांडणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांना सही नसलेला तिसरा समोर हवा असतो, तेव्हा तोही येतो. या दोघांनी समूहाशी व्यवहार केला तो वकील शेजारी बसवून. मूळ कंपनीची हमी मागणे बँकेच्या हातात होते, एकत्रित ताळेबंद वाचणे तिला जमत होते, पटले नसते तर तिने कर्ज नाकारले असते. कामगाराकडे यातले काही नाही. सकाळी नवे पत्र पुढे आले तर सही करायची, नाहीतर बसमधून उतरायचे, एवढीच त्याची निवड. आणि त्याच्याहूनही असहाय असतो तो शेजारी राहणारा. त्याने तर कंपनीशी कसलाच व्यवहार केलेला नसतो. कंपनीच त्याच्या घरात शिरते. पाण्यातून शिरते, हवेतून शिरते.

भोपाळ. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र. कारखाना युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेडचा, आणि त्या कंपनीचे ५०.९ टक्के शेअर अमेरिकेतल्या युनियन कार्बाइड कॉर्पोरेशनचे. परकीय भांडवलाला तेव्हा सर्वसाधारण मर्यादा ४० टक्क्यांची होती. निम्म्याहून अधिक भांडवल ठेवण्याची मुभा मिळाली होती ती विशेष तंत्रज्ञान आणतो या सबबीवर. मे १९८२ मध्ये मूळ कंपनीची तपासणी तुकडी अमेरिकेहून भोपाळला येऊन सुरक्षेतले दोष लिहून गेली होती. मग वायू सुटला, माणसे रस्त्यांवर मरून पडली, आणि न्यायालयात मूळ कंपनीने भूमिका घेतली, की भोपाळचा कारखाना एका स्वतंत्र भारतीय कंपनीचा आहे. तंत्रज्ञान आपले, तपासणी आपली, बहुमत आपले, पण उत्तरदायित्व तिचे.

भारत सरकारने त्या वेळी एक धाडसी मांडणी केली होती. बहुराष्ट्रीय समूह हा एकसंध आहे, त्याचे निर्णय एका जागी होतात, धोक्याची माहिती एका जागी असते, म्हणून जबाबदारीही तिथेच, असे सरकारचे म्हणणे होते. न्यूयॉर्कच्या न्यायाधीश जॉन कीनन यांनी मे १९८६ मध्ये खटला भारतात चालवा म्हणून सांगितले. भोपाळच्या जिल्हा न्यायालयाने डिसेंबर १९८७ मध्ये ३५० कोटींची अंतरिम भरपाई ठरवली. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सेठ यांनी एप्रिल १९८८ मध्ये ती २५० कोटींवर आणली खरी, पण पडदा दूर करून सांगितले, की खरा ताबा मूळ कंपनीचाच होता. ही वाट पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन पक्की होणार, असे वाटत असताना फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. पैशांचा आकडा ठरला आणि प्रश्न तसाच राहिला. समूहातल्या मूळ कंपनीवर जबाबदारी येते की नाही, याचे उत्तर ज्या खटल्यातून साऱ्या जगाला मिळायला हवे होते, त्यातून ते मिळालेच नाही. पुढे कार्बाइडने भारतीय कंपनीतले शेअर विकले, २००१ मध्ये डाऊ केमिकलने कार्बाइडलाच विकत घेतले, आणि कार्बाइड वेगळी, आम्ही वेगळे, अशी भूमिका डाऊने घेतली. भिंतीमागे आणखी एक भिंत. वाढीव भरपाईसाठी सरकारने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली.

याच डाऊने आपल्या चाकणजवळ शिंदे-वासुली गावात संशोधन केंद्र उभारायला घेतले होते. २००८ मध्ये गावकरी रस्त्यावर आले. तुकोबांच्या चिंतनाने पावन झालेला भामचंद्राचा डोंगर जवळच, म्हणून वारकरीही आले. रसायनांची भीती होती, नदीची काळजी होती, आणि ओठांवर भोपाळचे नाव होते. काम थांबले, कंपनीला ती जागा सोडावी लागली. आंदोलनात झालेल्या जाळपोळीचे समर्थन मी करणार नाही. पण त्या गावकऱ्यांनी समूहाची ओळख कशी ठरवली, ते विचार करण्यासारखे आहे. ज्याने भोपाळवाली कंपनी विकत घेतली, तिचा नफा घेतला, तिचे नाव आपल्या पंखाखाली घेतले, तो तिच्या देण्यांतून सुटत नाही, असे त्यांनी गृहीत धरले. वडिलांची जमीन घेतली तर वडिलांचे कर्जही आले, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही.

बाहेरचे कायदे या दिशेने थोडे सरकले आहेत. जर्मनीने १९६५ च्या शेअर कंपन्यांच्या कायद्यात समूहासाठी वेगळे प्रकरणच लिहिले. ताब्याचा करार करून मूळ कंपनी उपकंपनीला हुकूम देत असेल, तर उपकंपनीचा तोटाही तिने भरून द्यायचा. बांगलादेशात राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक कामगार गेले, त्यानंतर फ्रान्सने २०१७ मध्ये कायदा केला आणि मोठ्या कंपन्यांवर उपकंपन्यांत व पुरवठादारांकडे काय चालते त्यावर लक्ष ठेवण्याचे बंधन घातले. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये झांबियातल्या चिंगोला भागातल्या गावकऱ्यांना वेदांता या मूळ कंपनीविरुद्ध लंडनमध्ये दावा चालवू दिला. तिथे पडदा वगैरे काही दूर केला नाही. मूळ कंपनीने पर्यावरणाची धोरणे स्वतः आखली आणि ती राबवण्याची जबाबदारी जगाला सांगून आपल्यावर घेतली, तर त्या गावकऱ्यांप्रती तिचेही कर्तव्य असू शकते, एवढेच म्हटले. सालोमनच्या देशातच ही वाट निघाली, आणि सालोमनला धक्का न लावता निघाली.

समूहातल्या सगळ्या कंपन्या वितळवून एक करा, असे माझे म्हणणे नाही. एका रस्त्याच्या प्रकल्पासाठी काढलेल्या कंपनीत पैसे घालणाऱ्याने त्याच समूहाच्या बुडत्या साखर कारखान्याचे ओझे का उचलावे? चांगल्या चाललेल्या उपकंपनीत छोट्या भागधारकांचे पैसे असतात, तेही जपले पाहिजेत. केल आणि ट्रेंडला बाहेर ठेवण्यात न्यायाधिकरणाने दाखवलेला विवेक इथेही लागेल. पण ज्याने समूहाशी अटी ठरवून व्यवहार केला आणि ज्याच्या गळ्यात समूह न विचारता पडला, त्या दोघांना एकाच मापाने मोजणे बंद झाले पाहिजे. पहिल्याला त्याने सही केलेला कागद पुरेसा आहे. दुसऱ्यासाठी कायद्याने लगाम कुणाच्या हातात होता ते पाहावे, आणि त्या हाताची लबाडी सिद्ध करायला लावू नये.

हे करायला नवी क्रांती लागत नाही. वेतन संहितेच्या कलम ४३ मध्ये नोकरी देणाऱ्याने पैसे दिले नाहीत तर आस्थापनेच्या मालकाने द्यायचे, अशी तरतूद आहेच. मधला ठेकेदार ओलांडून ती मागच्या माणसापर्यंत जाते. तिला आणखी एक पायरी चढू द्यावी, ज्या कंपनीच्या ताब्यात ती आस्थापना आहे तिथपर्यंत. एकाच ताब्याखालच्या कंपन्यांत एकाच फाटकाच्या आत झालेली सेवा सलग धरावी, मधले राजीनामे कितीही असोत. ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दिवाळखोरी संहितेच्या दुरुस्ती विधेयकात समूहाच्या दिवाळखोरीला जागा दिली गेली. त्याचे नियम लिहिताना एक ओळ कामगारासाठी लिहावी. संहितेचे कलम ५३ कामगाराच्या चोवीस महिन्यांच्या थकबाकीला तारणी देणेकऱ्याच्या बरोबरीचा मान देते, पण तो त्याच्या एकट्या कंपनीच्या मालमत्तेपुरता. कामगार एका रिकाम्या कंपनीत आणि जमीन दुसरीत ठेवली असेल, तर तो मान कागदावरच राहतो. बँकांच्या सोयीसाठी तिजोऱ्या एकत्र होणार असतील, तर त्या एकत्र झालेल्या तिजोरीवर चोवीस महिन्यांचा तो हक्कही चालला पाहिजे.

चाकणचा तो कामगार नियंत्रक अधिकाऱ्याकडे अर्ज करायला निघाला तेव्हा त्याने एकच गोष्ट विचारली होती. अर्जात मालकाचे नाव लिहायला एकच रकाना आहे, त्यात तिघांपैकी कुणाचे लिहू? मी त्याला तिन्ही कंपन्यांची नावे लिहायला सांगितली आणि चौथे त्या फाटकावरचे. रकान्यात एवढी नावे बसत नव्हती, म्हणून त्याने बारीक अक्षरात समासापर्यंत लिहिली, आणि तीनही पत्रांच्या झेरॉक्स प्रती मागे टाचणीने लावल्या.